वाचक विचारतात : अपंगांचे खेळ मैदानात आले कुठून?

पेडगाव (जि. परभणी) येथील एका शिक्षक वाचकांचं भलंमोठं पत्र आलं आहे. अपंग जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा पाहिल्यापासून त्यांच्या वर्गातल्या मुलांनी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं आहे. अपंगांच्या स्पर्धा कोणी काढल्या, कधी काढल्या, आपल्याकडे त्या कशा आल्या, असे ते सारे प्रश्न. मुलांचे सहा प्रश्न आणि शेवटी गुरुजींचा स्वतःचा एक, असे सात प्रश्न पत्रातून निवडून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न १ : अपंगांचे खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले, असं वाचलं. मग त्याआधी अपंग माणसं खेळतच नव्हती का?

खेळत होती, पण बहुतेक एकेकटी, धडधाकट खेळाडूंच्या गर्दीत. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिक झालं. तिथे जॉर्ज आयसर नावाच्या जिम्नॅस्टने एकाच दिवसात सहा पदकं मिळवली. त्यातली तीन सुवर्ण होती आणि त्याचा डावा पाय लाकडी होता. हंगेरीच्या ऑलिव्हर हालासीचा एक पाय गुडघ्याखाली तुटलेला होता. तो १९३२ आणि १९३६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. ही माणसं जबर होती, पण त्यांच्या मागे कुठली स्पर्धा, कुठला संघ किंवा कुठला नियम उभा नव्हता. ते गेले आणि त्यांच्यासारख्यांसाठी उघडलेलं दारही लोटलं गेलं.

अपंगांनी अपंगांसाठी भरवलेल्या स्पर्धा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा पहिला मान जातो कर्णबधिरांकडे. बर्लिनमध्ये १८८८ सालीच त्यांचा क्रीडा क्लब होता. पुढे यूजीन रुबेन्स-आल्केस या फ्रेंच माणसाने निरनिराळ्या देशांतले असे क्लब जोडत नेले. तो स्वतः कर्णबधिर होता. १९२४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसचं ऑलिंपिक नुकतंच उरकलं होतं तेव्हा, त्याच शहरात त्याने कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवून दाखवली. ९ देशांतून १४८ खेळाडू आले. आज 'डेफलिंपिक्स' म्हणतात ती हीच परंपरा. म्हणजे पॅरालिंपिकपेक्षा ती ३६ वर्षांनी जुनी.

आंधळ्यांनीही कोणाची वाट पाहिली नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अंधांच्या एका कारखान्यात कामगारांनी १९२२ मध्ये पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि त्याचा चेंडू करून क्रिकेट मांडलं. डबा खडखडत आला की बॅट फिरवायची. १९२८ पर्यंत त्याच शहरात कूयाँग भागात अंध क्रिकेटपटूंचं स्वतःचं मैदान आणि क्लबघर उभं राहिलं होतं.

मुलांना इथे एक गोष्ट जरूर दाखवा. हे खेळ आधी कुठे रुजले? जिथे एकाच प्रकारचं अपंगत्व असलेली माणसं रोज एकमेकांना भेटत होती तिथे. कर्णबधिरांच्या निवासी शाळा आणि क्लब, अंधांच्या कार्यशाळा. एखाद्या गावात एकच आंधळा मुलगा असेल तर त्याच्याकडे चेंडू असूनही गडी नाहीत. पंधरा मुलं एका छपराखाली आली की संघ आपोआप तयार होतो. पुढची सगळी कथा याच धाग्याने जाते.

प्रश्न २ : पण इस्पितळात खेळ कसा शिरला? आजारी माणसाला खेळायला लावणारे ते डॉक्टर कोण?

डॉ. लुडविग गुटमान. जन्म १८९९ चा, जर्मन ज्यू, मेंदू आणि मज्जासंस्थेचे तज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीतून जीव वाचवून १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला आले. १९४४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने लंडनच्या वायव्येला स्टोक मँडेविल इथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग उघडला आणि तो त्यांच्या हाती दिला.

तेव्हा अशा रुग्णाची अवस्था काय होती हे कळल्याशिवाय गुटमान यांच्या कामाची किंमत कळत नाही. कणा मोडून कमरेखालचं अंग गेलं की तो माणूस वर्ष-दोन वर्षांचा सोबती, असं डॉक्टरही धरून चालत. खरं तर जीव मोडलेल्या कण्यामुळे जात नसे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग माणसाला नेत असत. गुटमान यांनी सक्त नियम घातला की दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. संसर्गावरही त्यांचा तसाच पहारा असे. रुग्ण जगू लागले.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. जगून करायचं काय? विशी-पंचविशीतली पोरं छताकडे बघत पडलेली. गुटमान यांनी त्यांना कामाला लावलं. सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती, टायपिंग आणि त्याबरोबर खेळ. सुरुवातीला व्हीलचेअरवर बसून काठ्यांनी चकती मारण्याचा पोलोसारखा खेळ झाला. तो फारच धसमुसळा निघाला, म्हणून बंद पडला. मग जाळीत चेंडू टाकण्याचे खेळ आले आणि धनुर्विद्या आली.

धनुष्य निवडण्यामागे वैद्यकीय हिशोब होता. कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला व्हीलचेअर ढकलायला, पलंगावरून खुर्चीत सरकायला, तोल सांभाळायला खांदे, दंड आणि पाठच वापरावी लागते. धनुष्याची दोरी ओढताना नेमके हेच स्नायू कमावले जातात. शिवाय धनुष्यबाण हातात आला की बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने नेम धरू शकतो.

त्याच सुमारास अमेरिकेतही युद्धातून परतलेले पांगळे सैनिक लष्करी इस्पितळांच्या व्यायामशाळेत व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळू लागले होते. १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या टिम न्यूजंट यांनी त्यांची राष्ट्रीय स्पर्धाही भरवली. दोन्हीकडे कारण एकच होतं. युद्धाने एकाच वयाचे, एकाच प्रकारची इजा झालेले शेकडो तरुण एकाच वॉर्डात आणून टाकले होते.

प्रश्न ३ : पहिली स्पर्धा केव्हा झाली? आणि इस्पितळाच्या हिरवळीवरून पॅरालिंपिक कसं झालं?

तारीख आहे २९ जुलै १९४८. त्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर दोन संघांत धनुर्विद्येची स्पर्धा लागली. एक संघ इस्पितळाचा, दुसरा रिचमंडच्या 'स्टार अँड गार्टर' या जायबंदी सैनिकांच्या निवासाचा. खेळाडू सगळे मिळून १६, त्यात दोन स्त्रिया. काळाचा अंदाज यावा म्हणून मुलांना सांगा की त्या दिवशी आपलं परभणी अजून निजामाच्या राज्यात होतं. मराठवाडा मुक्त व्हायला सात आठवडे बाकी होते.

गुटमान यांनी पुढच्याच वर्षी जाहीरपणे सांगून टाकलं की एक दिवस हे खेळ अपंगांचं ऑलिंपिक होतील. तेव्हा लोक हसले असतील तर नवल नाही. पण दरवर्षी स्पर्धा भरतच राहिली. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोमला ऑलिंपिक संपलं आणि पाठोपाठ त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू व्हीलचेअरवर दाखल झाले. आज त्याला पहिलं पॅरालिंपिक मानतात.

रोमच्या यादीतले खेळ मुलांना आवडतील. पोहणं, टेबल टेनिस, बास्केटबॉल, तलवारबाजी, भालाफेक, गोळाफेक होतेच, शिवाय स्नूकर होता आणि 'डार्चरी' होती. डार्चरी म्हणजे डार्टच्या फळीसारख्या लक्ष्यावर धनुष्याने बाण मारायचे. खेळाडूंची राहण्याची सोय मात्र खांबांवर उभ्या केलेल्या इमारतींत होती आणि वर जायला जिने! इटलीच्या सैनिकांनी खुर्च्यांसकट खेळाडू उचलून वर-खाली नेले. रॅम्पचा विचार स्पर्धेच्या नंतर सुचतो, ही खोड फक्त आपलीच नाही.

त्यानंतर १९६४ चं टोकियो. तोवर हे खेळ फक्त कण्याला इजा झालेल्यांचे होते. हात-पाय तुटलेले आणि अंध खेळाडू पूर्णपणे सामील झाले ते १९७६ मध्ये टोरंटोला. मेंदूच्या पक्षाघाताचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे खेळाडू १९८० मध्ये आले. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये शिकागोत 'स्पेशल ऑलिंपिक्स' सुरू केलं. ती चळवळ पॅरालिंपिकपेक्षा वेगळी आहे आणि दोन्हींची गल्लत बरेचदा होते.

ऑलिंपिकच्याच शहरात, ऑलिंपिकच्याच मैदानांवर पॅरालिंपिक भरवण्याची घडी १९८८ मध्ये सेऊलला बसली. गुटमान यांनी ते पाहिलं नाही. १९८० मध्ये ते वारले होते.

प्रश्न ४ : आपल्याकडे हे कधी आलं? आणि मुरलीकांत पेटकर पोहायला कसे लागले? ते तर पैलवान होते ना?

आपल्याकडेही हा खेळ आला तो लष्कराच्या वाटेने, आणि त्या वाटेवरची महत्त्वाची ठाणी महाराष्ट्रात आहेत. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांना हस्तकौशल्य शिकवणारी 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. कृत्रिम हातपाय बनवणारं लष्कराचं केंद्र १९४४ मध्ये पुण्यातच उभं राहिलं. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीलाच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं.

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा. लहानपणी तालमीत कुस्ती झाली, मग पोरवयातच ते लष्करात शिरले. ईएमई म्हणजे लष्कराच्या यांत्रिक दुरुस्तीच्या दलात भरती झाले आणि सिकंदराबादला बॉक्सिंग शिकले. परभणीवरून जाणारी गाडी पकडली की जिथे उतरतो तेच सिकंदराबाद. १९६४ मध्ये टोकियोला सैनिकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे ते भारताकडून बॉक्सिंग खेळले.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं. सियालकोट भागात हवाई हल्ल्यात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. त्यातली एक कण्याजवळ अडकली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं 'अश्विनी' इस्पितळ आहे. तिथे दीर्घ उपचार चालले आणि पाण्यातला व्यायाम हा त्यातलाच एक भाग होता. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, लुळ्या पायांचा भार खांद्यांना जमिनीइतका वाहावा लागत नाही आणि बॉक्सरचे खांदे तर कमावलेले होतेच. इंग्लंडमध्ये गुटमान जे करत होते तेच इथे मुंबईत घडत होतं. उपचार म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू सराव झाली.

१९६८ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताने पहिल्यांदा पथक पाठवलं. ती स्पर्धा मेक्सिकोने नाकारल्यामुळे इस्राएलमध्ये तेल अवीवला झाली. दहा जणांच्या त्या पथकात पेटकर होते आणि ते चक्क टेबल टेनिस खेळले. पहिली फेरी त्यांनी जिंकलीही. या सफरींना पैसा लागे आणि सरकारदरबारी तेव्हा त्यासाठी खातंच नव्हतं. पेटकरांच्या बाबतीत मदतीला धावले ते माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला अपंगांच्या कामाला वाहून घेतलं होतं.

मग आलं १९७२. ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथलं क्रीडाग्राम अपंगांच्या स्पर्धेसाठी मोकळं राहणार नव्हतं, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवलं गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइलला उतरले आणि ३७.३३ सेकंदांत अंतर कापून विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन बाहेर आले. भालाफेक, नेम धरून करायची भालाफेक आणि व्हीलचेअरची अडथळ्यांची शर्यत, या तिन्हींत ते अंतिम फेरीपर्यंत गेले. वैयक्तिक खेळात ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकचं सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय. नेमबाज अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाला तेव्हा ३६ वर्षं अवकाश होता.

प्रश्न ५ : एवढं मोठं पदक, मग आम्हाला सिनेमा येईपर्यंत त्यांचं नाव का माहीत नव्हतं?

त्याला तीन कारणं देता येतील. पहिलं, काळ आणि जागा. हायडेलबर्गची स्पर्धा म्युनिक ऑलिंपिकच्या आधी आटोपली. दोन-तीन आठवड्यांत ऑलिंपिक लागलं, तिथे इस्रायली खेळाडूंचं हत्याकांड झालं आणि जगाच्या वर्तमानपत्रांचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पदक आलं, पण त्याच्या मागे देशात उभी राहिलेली संघटना नव्हती. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिंपिकमध्ये भारत गेलाच नाही. १९८४ मध्ये गेला, तेव्हा जोगिंदरसिंग बेदी यांनी एक रौप्य आणि दोन कांस्य आणि भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळवलं. ही नावंही फारशी कोणाच्या तोंडी नाहीत. राष्ट्रीय पातळीवरची पॅरालिंपिक संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. पेटकरांनंतरचं पुढचं सुवर्ण देवेंद्र झाझरियांनी अथेन्सला भालाफेकीत मिळवलं ते २००४ मध्ये. मध्ये ३२ वर्षं गेली.

तिसरं कारण, सैनिकाला जे मिळालं ते इतरांना मिळालं नाही. पेटकर जखमी झाले तेव्हा त्यांच्या मागे लष्कर होतं, इस्पितळ होतं, तलाव होता, सोबत तशीच इजा झालेले जवान होते. त्याच वर्षी मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात पोलिओने पाय गेलेल्या मुलाच्या मागे यातलं काही नव्हतं. गावात तो एकटाच. त्यामुळे कितीतरी वर्षं आपल्याकडचे अपंगांचे खेळ लष्करी छावण्या आणि मोठ्या शहरांतल्या अंध-कर्णबधिर शाळांपुरते राहिले. खेड्यातून खेळाडूच आले नाहीत, मग गावागावांत त्यांचं नाव कोण काढणार?

पेटकर पुढे पुण्याला टेल्को कंपनीत नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरव विभागात अर्जुन पुरस्कार मिळाला. दाद मिळाली, पण ती यायला पन्नास वर्षं लागली. याला उशीरच म्हणतात, दुसरं काही म्हणू नये.

प्रश्न ६ : एकाचा हात नाही, एकाला दिसत नाही, एक खुर्चीत. मग स्पर्धा बरोबरीची कशी होते?

मुलांनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारला आहे, कारण पॅरा खेळांत आजही सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात.

उत्तर आहे वर्गवारी. कुस्तीत वजनाचे गट पाडतात, तसे इथे अपंगत्वाचे गट पाडतात. स्टोक मँडेविलच्या काळात हे काम सोपं होतं. सगळेच कण्याचे रुग्ण, म्हणून कणा कुठल्या मणक्याला तुटला ते पाहून डॉक्टर गट ठरवत. पुढे निरनिराळे खेळाडू आले तेव्हा हे पुरेना. मग शरीर नेमकं काय करू शकतं ते त्या त्या खेळाच्या हिशोबाने तपासून गट पाडायची पद्धत आली. म्हणून एकच माणूस पोहण्यात एका गटात आणि थाळीफेकीत दुसऱ्या गटात असू शकतो.

मैदानी खेळांत हा गट एका अक्षराने आणि आकड्याने सांगतात. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं ते एफ-४६ गटात. हातांत दोष असलेले, पण उभं राहून फेकणारे खेळाडू या गटात येतात. आपल्या मराठवाड्याच्या, नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव गोळा फेकतात तो एफ-३४ गटात, म्हणजे खुर्चीत बसून. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये त्या खेळल्या आणि पॅरिसच्या उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर देशाचा झेंडा त्यांच्या हाती होता. नांदेड परभणीपासून काही फार लांब नाही, हे मुलांना नकाशात दाखवा.

अंधांच्या क्रिकेटची रीतही अशीच गंमतीची आहे. चेंडूत छर्रे असतात. तो खालून हात फिरवून, जमिनीलगत टाकायचा. टाकण्याआधी गोलंदाज फलंदाजाला 'रेडी?' विचारतो आणि होकार आल्यावर 'प्ले' म्हणतो. अकरांपैकी किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांनी काढलेली एक धाव दोन मोजतात. त्यामुळे पूर्ण अंध खेळाडूला लपवून ठेवण्यात कर्णधाराचा फायदा नसतो. त्याला पुढे करण्यातच असतो. नियम लिहिणाऱ्याने डोकं कसं चालवलं ते पाहा. अंधांचा पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला आणि तो दक्षिण आफ्रिकेने जिंकला.

प्रश्न ७ (गुरुजींचा) : माझ्या वर्गात पायाने अधू असलेला एक मुलगा आहे. खेळाच्या तासाला तो कडेला बसून धावा लिहितो. हिशोबात पक्का आहे, म्हणून आम्हीही ते काम त्यालाच देतो. आमच्या गावी ना तलाव, ना व्हीलचेअर. अशा ठिकाणी मी काय करू शकतो?

गुरुजी, आधी कायद्याचं सांगतो, कारण कोणी आडवं आलं तर ते हाताशी असावं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेने अशा मुलाला इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची, तसंच खेळाची आणि करमणुकीची संधी द्यायची आहे. म्हणजे त्याला मैदानात घेणं ही तुमची मेहेरबानी नाही, शाळेचं कर्तव्य आहे. मुख्याध्यापकांनाही हे दाखवा.

आता मैदानातलं. तलाव नाही म्हणून अडत नाही. बसून फेकायचे खेळ, म्हणजे गोळा, थाळी आणि भाला, यांना एक मजबूत, बिनहाताची खुर्ची किंवा लोखंडी स्टूल लागतं. जमिनीत खुंट्या ठोकून ते दोरीने ताणून बांधायचं, म्हणजे फेकताना हलत नाही. गावातला वेल्डर एका दिवसात असं स्टूल करून देईल. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला तर खुर्चीही नको. जाळी खाली बांधा आणि सगळ्या वर्गाला जमिनीवर बसवा. पायांनी धडधाकट असलेली मुलंही मग त्याच्या बरोबरीने सरपटतील आणि पहिल्या आठवड्यात तोच त्यांना भारी पडेल. टेबल टेनिस, कॅरम आणि बुद्धिबळ आहेतच. क्रिकेटमध्ये त्याला बॅट द्या आणि धावायला रनर. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०११ मध्ये रनर बंद केला, शाळेच्या मैदानाला तो नियम लागू नाही.

कागदोपत्री दोन कामं करा. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. दुसरं, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन दिव्यांग विद्यार्थ्यांच्या स्पर्धांची चौकशी करा. मात्र एक लक्षात ठेवा. सरकारी प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि खेळातला गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रावर टक्के कमी लिहिलेत म्हणून तो खेळू शकत नाही, असं धरून चालू नका. गट खेळाचे तज्ज्ञ स्वतंत्र तपासून ठरवतात.

आणि सगळ्यात मोठं काम. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बर्लिनचा क्लब, मेलबर्नचा कारखाना, स्टोक मँडेविलचा वॉर्ड, कुलाब्याचं इस्पितळ. दरवेळी आधी माणसं एकत्र आली, मग खेळ आला. तुमच्या शाळेत तो एकटा आहे. पण आसपासच्या शाळांत, पेडगावपासून परभणीपर्यंतच्या गावांत, असे आणखी चार-सहा विद्यार्थी नक्की सापडतील. केंद्रप्रमुखांच्या पुढच्या बैठकीला सगळ्या शिक्षकांकडून त्यांची नावं घ्या, पालकांशी बोला आणि महिन्यातून एक शनिवार त्यांना एका मैदानावर आणा. १९४८ मध्ये गुटमान यांच्याकडे १६ जण होते. तुम्हाला सहा पुरतील.

तोवर उद्याच्या खेळाच्या तासाला धावांची वही दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि त्याला गड्यांत वाटून घ्या. काय झालं ते आम्हाला जरूर कळवा. मुलांचे पुढचे प्रश्नही पाठवा.